स्पोर्ट्स कारची झिजलेली सीट: रंगवायची, पट्टी बदलायची की सगळंच नव्याने मढवायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गाडी दोन दारांची, वीसेक वर्षांची, आतलं लेदर काळं. ड्रायव्हरच्या बैठकीची दाराकडची उंच कड पांढुरकी पडून तडकली आहे. तिथेच चार बोटं शिवण उसवली आहे आणि आतला फोम डोकावतोय. स्टिअरिंग चकचकीत आणि किंचित चिकट लागतं. डॅशबोर्डच्या टोकाला लेदर आकसून सुटलंय. एक कारागीर म्हणाला, सगळं इंटिरिअर नव्याने मढवा. दुसरा म्हणाला, रंग मारून देतो, नव्यासारखं दिसेल. आता खरं कोणाचं, आणि यातलं घरी काय जमेल?

माझा अंदाज, दोघांनीही सीटच्या आत हात घातलेला नाही. गाड्यांच्या सीट शिवण्याच्या धंद्यात मला सव्वीस वर्षं झाली, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांची तक्रार हीच असते: दाराकडची कड गेली. त्यातल्या फार थोड्यांना पूर्ण सीट मढवावी लागते. नुसता रंग पुरेल असेही थोडेच. बाकीच्यांचा उपाय मधे कुठेतरी असतो, आणि तो सीट उघडल्याशिवाय ठरत नाही.

आधी हे होतं कशामुळे ते बघू. स्पोर्ट्स कारची बैठक जमिनीलगत आणि बोल्स्टर, म्हणजे मांडीला धरून ठेवणारी कड, उंच. उतरताना माणूस उठत नाही, त्या कडेवरून घसरत बाहेर येतो. सगळं वजन रोज त्याच वीतभर जागेवर. पण पहिल्यांदा झिजतं ते लेदर नाही. पहिल्यांदा आतला फोम दबतो. फोम बसला की त्यावरचं लेदर सैल होऊन त्याला घडी पडते. त्या घडीत रंगाचा थर तडकतो, तडकलेल्या जागी पॅन्टचं घर्षण थेट चामड्याला लागतं, आणि आधार गेल्यामुळे सगळा ताण शिवणीवर येतो. तुम्हाला दिसते ती फट म्हणजे या साखळीचं शेवटचं टोक. फोम तसाच ठेवून वर कितीही सुंदर रंग दिला, तरी घडी पुन्हा त्याच जागी पडणार आणि रंग तिथेच फुटणार. रंगवून दिलेल्या सीट काही महिन्यांत माझ्याकडे परत येतात त्या बहुतेक याच कारणाने.

म्हणून निदान आधी. चार गोष्टी तपासा, गाडीत बसल्या बसल्या होण्यासारख्या आहेत.

शेजारच्या सीटची दाराकडची कड मुठीने दाबून सोडा, मग तुमच्या सीटची. शेजारची लगेच वर येते आणि तुमची खड्डा ठेवते, तर फोम गेला. दाबताना करकर आवाज येत असेल किंवा सीटखालच्या कार्पेटवर पिवळसर भुकटी सापडली, तर आणखी पुरावा नको.

दुसरं, उसवलेल्या जागी टाक्यांची भोकं भिंगाने बघा. भोकं गोल आणि आखूड असतील तर फक्त दोरा कुजलाय, चामडं शाबूत आहे. भोकं लांबट झाली असतील, किंवा दोन भोकांमधलं चामडं नखाने ओढल्यावर ब्लॉटिंग पेपरसारखं सुटत असेल, तर ती पट्टी, म्हणजे कव्हरमधला शिवून जोडलेला तो तुकडा, मेली. तिला कितीही चांगल्या दोऱ्याने शिवलं तरी नव्या टाक्याच्या शेजारी फाटेल.

तिसरं, फटीतून कापडाची उलटी बाजू बघा. तंतुमय, केसाळ दिसली तर लेदर. विणलेलं कापड दिसलं तर ते विनाइल. दचकू नका. 'लेदर सीट' म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक गाड्यांत अंग टेकतं तेवढंच लेदर असतं. कडेच्या आणि मागच्या पट्ट्या विनाइलच्या. दोन्हींचे चिकटद्रव्य आणि रंग वेगळे असतात, म्हणून हे आधी माहीत हवं.

चौथं, एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवा. तो तसाच बसून राहिला तर वर रंगाचा बंद थर आहे, आणि तुमच्या गाडीच्या वयाला तो असणारच. शोषला जाऊन डाग गडद झाला तर एकतर ते बिनथराचं अ‍ॅनिलिन लेदर आहे किंवा थर झिजून संपलाय. मग पांढरं ओलं फडकं फिरवा. फडक्यावर काळा रंग उतरला तर आधीच्या मालकाने कधीतरी वरवर रंग मारलेला आहे. तो पूर्ण काढल्याशिवाय पुढचं काही टिकणार नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बाजारातल्या बाटल्यांवर नेमकं उलटं छापलेलं असतं. गाडीतलं लेदर साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्यावर केसाच्या जाडीच्या आसपासचा रंग आणि संरक्षक थर असतो. तुम्ही हाताने जे अनुभवता तो हा थर. झिजलेले चामड्याचे तंतू पुन्हा उगवत नाहीत, आणि बंद थरावर चोळलेलं क्रीम आत जात नाही. ते वर राहून धूळ धरतं. दुरुस्त होतो तो थर. तंतू गेले की पट्टी बदलायची. साबणाचंही तसंच. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि अंगाचा किंवा कपड्याचा साबण अल्कधर्मी, त्यामुळे 'साध्या साबणाने पुसा' हा सल्ला जितका निरुपद्रवी वाटतो तितका नाही.

आता उपायांकडे. फोम ठीक, चामडं शाबूत आणि फक्त थर तडकलाय, अशी अवस्था असती तर काम घरी होण्यासारखं होतं: लेदर क्लीनरने स्वच्छ करायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन हलक्या हाताने तेलकटपणा काढायचा, 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने तडे बसवायचे, लवचीक फिलर कागदाइतक्या पातळ थरांत भरायचा, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग रंगाचे हलके फवारे आणि शेवटी हार्डनर मिसळलेला मॅट टॉपकोट. घाई होते ती फिलरला. एकदाच जाड भरला की तो वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पहिल्या घडीला ढलपीसारखा निघतो. टॉपकोट काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण ताकदीला यायला आठवडाभर लागतो. तोवर गाडीत बसू नका, निदान जीन्स घालून तरी.

एक अपवाद जुन्या गाड्यांचा. ब्रिटिश आणि इटालियन गाड्यांना कातडी पुरवणारी कॉनोली ही टॅनरी, म्हणजे चामडं कमावण्याचा कारखाना, 1878 मध्ये सुरू झाली आणि 2002 मध्ये बंद पडली. तशा मूळ लेदरवर, विशेषतः जुन्या गाड्यांत, सेल्युलोज लॅकरचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या वॉर्निशसारख्या रंगाचा, थर असू शकतो. त्यावर आजचा पाण्यातला रंग नीट धरत नाही. शिवाय अशा गाडीत थोडी भेगाळलेली मूळ सीट नव्या सीटपेक्षा मोलाची असते. तिथे मी सुई उचलण्याआधी मालकाला दोनदा विचारतो. तुमची गाडी त्या पंगतीतली नाही, तेव्हा पुढे जाऊ.

तुमच्या वर्णनावरून माझं अनुमान: फोम गेलाय, शिवण गेलीय, कडेची एक पट्टी बहुधा गेलीय, बाकीची सीट शाबूत आहे. म्हणजे फोम दुरुस्त करायचा, ती एकच पट्टी नव्याने घालायची आणि आजूबाजूला रंग जुळवायचा. पूर्ण मढवण्याचं कारण मला दिसत नाही.

सीट बाहेर काढण्याआधी बॅटरी काढा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. 1990 च्या दशकाच्या मध्यात व्होल्वो 850 पासून सीटमध्येच बाजूची एअरबॅग येऊ लागली, आणि तुमच्या गाडीच्या वयाच्या कित्येक गाड्यांत ती पाठीच्या बाहेरच्या कडेत असते. बैठकीला बकलचा प्रीटेन्शनर, म्हणजे अपघातात सीटबेल्ट झटकन घट्ट ओढणारा भाग, आणि कोणी बसलंय का ते ओळखणारा सेन्सर असू शकतो. सीटचा प्लग निघालेला असताना चावी फिरवू नका. एअरबॅगचा दिवा लागतो आणि कित्येक गाड्यांत तो स्कॅनरशिवाय विझत नाही. पाठीच्या कडेला एअरबॅग असेल तर ती बाजू घरी उघडूच नका. एअरबॅगसमोरची शिवण बऱ्याचदा मुद्दाम कमजोर दोऱ्याने घातलेली असते, फुगताना ती फाटावी म्हणून. तिथे कोणी मजबूत दोरा घातला तर सीट छान दिसेल आणि एअरबॅग चुकीच्या दिशेला जाईल. तुमचं नुकसान बैठकीच्या कडेला आहे, हे नशीबच.

कव्हर फोमवर हॉग रिंगने, म्हणजे तारेच्या छोट्या कड्यांनी, खाली ओढून धरलेलं असतं. कड्या कटरने कापायच्या, ओढायच्या नाहीत. ओढल्या की फोममध्ये पुरलेली तार फोम फाडत वर येते. सीट हीटर असेल तर त्याची जाळी फोमला किंवा कव्हरला चिकटलेली असते. कव्हर उचलताना बोटं आत घालून चाचपत जा.

फोम पूर्ण नवा मिळाला तर उत्तमच. नाहीतर भुगा झालेला भाग पाचरीसारखा कापून काढायचा, तेवढाच घट्ट फोमचा तुकडा चिकटवायचा आणि पॉलिश पेपरने आकार द्यायचा. नवा तुकडा मूळ फोमइतकाच कडक हवा. मऊ घेतला तर वर्षभरात पुन्हा बसेल. फार कडक घेतला तर त्याची धार लेदरला आतून कापेल, आणि बसताना मांडीला दगड लागतो तो वेगळाच. सांध्यावर पातळ फोमचा एक थर घातला की जोड वरून कळत नाही.

आता पट्टी. सुरुवातीच्या काळात मी एका सीटची जुनी पट्टी उसवली, सपाट केली, तिच्यावरून नवी हुबेहूब कापली, सुंदर शिवली आणि चढवली. कव्हर मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखं ढगळ झालं. कारण सरळ होतं: ती पट्टी वर्षानुवर्षं ताणली जाऊन मोठी झाली होती, आणि मी तिचा ताणही इमानदारीने कापला होता. तेव्हापासून मी नमुना शेजारच्या सीटवरून घेतो. शेजारच्या सीटची दाराकडची कड ही ड्रायव्हरच्या कडेचं आरशातलं प्रतिबिंब असते, आणि तिच्यावर घसरलेलं माणूस विरळा. पारदर्शक प्लास्टिक ठेवून शिवणीच्या रेषा आखायच्या, प्लास्टिक उलटं करायचं, झाला नमुना. शेजारची सीट उसवावीही लागत नाही.

जुनी पट्टी उसवण्याआधी उलट्या बाजूने दर पाच सेंटीमीटरला शिवण ओलांडून एक आडवी रेघ मारा. नव्या पट्टीवर त्याच जागी खुणा. शिवताना खूण खुणेला मिळाली तर वळणावर पट्टी पिळत नाही. दहा-बारा मिलिमीटर शिलाईची जागा सोडा. पट्टी कातड्याच्या कोणत्या भागातून कापता यालाही महत्त्व आहे. एक पूर्ण कातडं साधारण 50 चौरस फुटांचं असतं. पाठीच्या कण्यालगत ते घट्ट, पोटाकडे सैल आणि ताणणारं. कडेची पट्टी कण्याजवळूनच, आणि कमी ताणणारी दिशा पट्टीच्या लांबीला. स्वस्तात मिळणारे तुकडे बहुतेक पोटाचे असतात, हे तुकडे घेताना लक्षात असू द्या. मूळ पट्टीमागे तीन ते पाच मिलिमीटरचा फोमचा अस्तर-थर असेल तर नव्यालाही तेवढाच लावा, नाहीतर ती शेजारच्या पट्टीपेक्षा चपटी दिसते. शिवणीत जाडी जास्त झाली तर रापीने, म्हणजे चामडं तासायच्या सुरीने, कड तासून पातळ करा.

दोरा बाँडेड पॉलिस्टर किंवा बाँडेड नायलॉन, आतल्या शिवणीला टेक्स 70 (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप, आकडा मोठा तर दोरा जाड) आणि वरून दिसणाऱ्या टाक्याला टेक्स 90 किंवा 135. नायलॉन घर्षणाला चिवट, पण उन्हात पॉलिस्टर जास्त टिकतं. छत उघडणारी गाडी असेल तर मी पॉलिस्टरच घेतो. टाका चार मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाका नाजूक दिसतो म्हणून घालण्याचा मोह होतो, पण जितकी भोकं जास्त तितकं चामडं टपाल तिकिटाच्या कडेसारखं फाटायला तयार. म्हणूनच शेजारची जुनी पट्टी ठेवताय तर सुई तिच्या जुन्याच भोकांत पडली पाहिजे. त्यासाठी मी तो भाग मशीनचं चाक हाताने फिरवत, एकेक टाका शिवतो. वेळ लागतो. घरगुती मशीनवर हे करू नका. सुई जाईल, पण मशीन जाड थर समान ओढणार नाही. वॉकिंग फूट मशीन, म्हणजे वरचा आणि खालचा थर एकसारखा पुढे ओढणारं मशीन, नसेल तर मेण लावलेला दोरा आणि दोन सुयांनी हाताने शिवलेलं बरं.

चढवताना फोमवर पातळ प्लास्टिक टाका, लेदर त्यावरून सरकतं; बसलं की प्लास्टिक ओढून काढा. कव्हर थोडं कोमट असेल तर सोपं जातं. उरलेल्या बारीक सुरकुत्यांना लांबून वाफ आणि तळहाताचा दाब. इस्त्री टेकवायची नाही. जास्त उष्णतेने चामडं आकसतं आणि आकसलेलं परत येत नाही. सीट बसवताना बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच, म्हणजे तिथे दिलेल्या जोरानेच, आवळा. हा बोल्ट अपघातात तुम्हाला धरून ठेवणार असतो.

राहिला रंग. काळा म्हणजे काळा, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी दोन काळी कातडी उन्हात शेजारी ठेवलेली नसतात. एक निळसर असतं, एक तपकिरी, एक हिरवट. माझ्याकडून एकदा ट्यूबलाइटखाली अगदी बेमालूम जुळलेली पट्टी मालकाने गाडी बाहेर उन्हात नेताच शेवाळी दिसू लागली होती. मालक काही बोलला नाही, हेच जास्त लागलं. तेव्हापासून रंग दिवसाउजेडी बघितल्याशिवाय मी डबा बंद करत नाही. जुळवायचं ते सीटखाली दडलेल्या न विटलेल्या भागाशी नाही, तर स्वच्छ केलेल्या शेजारच्या पट्टीशी. नव्या पट्टीवर आणि दोन्ही बाजूंच्या जुन्या पट्ट्यांवर एक हलका फवारा गेला की डोळ्याला सीमा सापडत नाही. चमकही जुळली पाहिजे. रंग चुकला तर कदाचित खपतो, चकाकणारी एकच पट्टी लगेच दिसते.

स्टिअरिंगचा चिकटपणा बहुतेक वेळा घाम, हाताचं क्रीम आणि कधीतरी चोळलेलं पॉलिश यांचा साठलेला थर असतो. आधी लेदर क्लीनर आणि मऊ ब्रशने दोन-तीन वेळा साफ करा. कित्येकदा खालून चांगलं मॅट लेदर निघतं. साफ करूनही चिकटच राहिलं तर वरचा थरच विरघळायला लागलाय, आणि मग नवं मढवणं आलं. हे काम हाताने शिवायचं आहे आणि चिकाटी असेल तर घरी शिकता येतं, पण चाक काढायला एअरबॅग काढावी लागते, ती जाणकाराकडून काढून घ्या. जाड लेदर किंवा खाली फोम घालून चाक गुबगुबीत करू नका. एक मिलिमीटर वाढला तरी मुठीला लगेच कळतो, आणि अशा गाडीत चाकातून हाताला येणारा रस्ता हीच तर मजा आहे. कोणी अल्कांताराचा पर्याय सुचवेल. ते चामडं नाही, 1970 मध्ये जपानमध्ये शोधलेलं पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेनचं कापड आहे. पकड छान, पण रोजच्या हातांनी त्याचे तंतू चपटे होतात आणि ते चमकू लागतं. रोज चालणाऱ्या गाडीला मी ते सुचवत नाही.

डॅशबोर्डला घरी हात लावू नका. काचेखाली उन्हात तो भाग सहज 70 अंशांच्या पुढे तापतो, चामड्यातला ओलावा वर्षानुवर्षं उडत राहतो, ते आकसतं आणि कडेला गोंद सोडतं. आकसलेलं लेदर ओढून परत चिकटवलं तर आठवड्यात पुन्हा सुटतं, कारण ते लहानच झालेलं असतं. सुटलेला भाग बोटभर असेल आणि शेजारच्या एअरबॅगच्या झाकणापासून लांब असेल, तर उष्णता सोसणाऱ्या चिकटद्रव्याने कड दाबून ठेवून काही काळ काढता येतो. त्याहून जास्त असेल तर डॅशबोर्ड काढून मढवणं हाच मार्ग. ते करणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: एअरबॅगच्या झाकणावरचं लेदर आतून कसं पातळ करता? उत्तर देताना तो अडखळला तर काम देऊ नका.

सगळं नव्याने मढवायला मी कधी सांगतो? दोनपेक्षा जास्त पट्ट्या ब्लॉटिंग पेपर झाल्या असतील, किंवा गाडी पाण्यात बुडून लेदर कडक झालं असेल, किंवा मालकाला रंगच बदलायचा असेल तेव्हा. तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही. मात्र शेजारच्या सीटच्या बैठकीची शिवणही एकदा ओढून बघा. दोऱ्याचं वय दोन्हीकडे सारखंच आहे. तिथे फक्त दोरा बदलावा लागला तर पट्टी वाचेल.

आणि उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर जमिनीवर ठेवा, हात दाराच्या चौकटीवर, मग सरळ उठा. चार दिवस विचित्र वाटतं.

उसवलेल्या जागेचे दोन फोटो दिवसाउजेडी काढून पाठवा: एक टाक्यांच्या भोकांचा अगदी जवळून, दुसरा पट्टीच्या उलट्या बाजूचा. ती पट्टी बदलायची की फक्त पुन्हा शिवायची, हे त्यावरून सांगता येईल.